‘सात गेबल्सचं घर’ वाचनकट्ट्यावर घ्यायचं असेल तर

‘ताई, भूत नक्की कितव्या प्रकरणात येतं?’ हा प्रश्न येणारच, तयारीत राहा. अमेरिकन लेखक नॅथॅनिएल हॉथॉर्नची ‘द हाउस ऑफ द सेव्हन गेबल्स’ ही १८५१ची कादंबरी झपाटलेल्या घराची गोष्ट म्हणून प्रसिद्ध आहे. लोक त्याच अपेक्षेने ती उघडतात आणि चौथ्या प्रकरणापर्यंत त्यांना एक म्हातारी बाई दुकानात बिस्किटं विकताना दिसते. मग कट्ट्याच्या ग्रुपवर जांभया देणारे चेहरे येऊ लागतात. तरीही हे पुस्तक घ्या. आमचा कट्टा बॉस्टनच्या पश्चिमेकडच्या उपनगरात कुणाच्या तरी घरी रविवारी दुपारी भरतो. पुस्तक इंग्रजी असलं तरी बोलणं मराठीत. पुढे पुण्यातल्या मैत्रिणींच्या गटाबरोबर झूमवरही हेच पुस्तक घेतलं. दोन्हीकडे जे जमून आलं ते लिहितेय.

आधी गोष्ट थोडक्यात, म्हणजे पुढचं कळेल. न्यू इंग्लंडमधल्या एका गावात मॅथ्यू मॉल नावाच्या साध्या माणसाने रान तोडून एकरभर जागा केलेली, झऱ्याकाठी झोपडी बांधलेली. गाव वाढतं तशी त्या जागेवर कर्नल पिंचनची नजर जाते. मॉल हटत नाही. तेवढ्यात चेटकिणींच्या खटल्यांची लाट येते, मॉलवर चेटूक केल्याचा आळ येतो आणि कर्नल त्या आरोपात हिरिरीने सामील होतो. गळ्यात फास असताना मॉल घोड्यावर बसलेल्या कर्नलकडे बोट दाखवून म्हणतो, ‘देव त्याला रक्त प्यायला लावील!’ कर्नल त्याच जागेवर सात गेबल्सचं घर बांधतो. गेबल म्हणजे उतरत्या छपराखालची तिकोनी भिंत. बांधणारा कारागीर मॉलचाच मुलगा! वास्तूच्या दिवशी पाहुणे ताटकळलेत, यजमान बाहेर येत नाही. दार उघडून पाहतात तर कर्नल खुर्चीत मेलेला, दाढीला आणि गळपट्टीला रक्त. हे सगळं पहिल्याच प्रकरणात. उरलेली वीस प्रकरणं पुढे दीडेकशे वर्षांनी त्याच घरात राहणाऱ्या वंशजांची.

म्हणून पहिल्या बैठकीला फक्त पहिलं प्रकरण ठेवा. ते स्वतंत्र कथेसारखं वाचता येतं आणि त्यानंतर कंटाळा आला तरी माणसं टिकतात. दुसऱ्या बैठकीला तेराव्या प्रकरणापर्यंत, तिसरीला शेवट. मधली नऊ ते अकरा ही बागेची, कोंबड्यांची, खिडकीतून दिसणाऱ्या रस्त्याची प्रकरणं चाळून पुढे गेलं तर चालेल, असं मी उघड सांगते. पुस्तक प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहे. ज्यांना हॉथॉर्नची लांबलचक वाक्यं झेपत नाहीत त्यांनी लिब्रिव्हॉक्स या फुकट ऐकीव पुस्तकांच्या साइटवर ऐकावं. एक गोष्ट आधी सांगून ठेवलेली बरी: दुकानात विकली जाणारी आल्याची बिस्किटं ‘जिम क्रो’च्या आकाराची आहेत, म्हणजे काळ्या माणसांची टिंगल करणारं त्या काळचं रंगमंचावरचं पात्र. इथे वाढलेली मुलं कट्ट्याला बसत असतील तर ती तिथे थबकतात, आणि थबकायलाच हवं. ‘त्या काळी तसंच होतं’ म्हणून ते उडवून लावू नका.

आता प्रतिक्रियांचं. बोलणं सुरू होण्यापूर्वी प्रत्येकाच्या हातात कागदाचा तुकडा द्या. त्यावर दोन ओळींत मत आणि ते ज्या जागी झालं त्या प्रकरणाचा आकडा. नाव घालायचं नाही. सगळ्या चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात टाकायच्या आणि चहा होईपर्यंत झाकण उघडायचं नाही. आपल्याकडे जो वयाने मोठा किंवा आवाजाने मोठा, त्याचं मत पहिलं येतं आणि मग उरलेल्यांचं ‘मलाही साधारण तसंच वाटलं’ सुरू होतं. चिठ्ठीमुळे हे टळतं. प्रकरणाचा आकडा मात्र सोडू नका. ‘संथ आहे’ या मतावर काही बोलता येत नाही. ‘संथ आहे, प्रकरण ३’ असं लिहिलेलं असलं तर सगळे तिसरं प्रकरण उघडतात, आणि तिथे दुकानवाली म्हातारी हेपझिबा पिंचन भेटते. घराण्याची अब्रू, खिशात पैसा नाही, डोळे अधू म्हणून कपाळाला आठ्या, आणि त्या आठ्यांमुळे गावभर तिचा दरारा. दुकान उघडल्यावर पहिल्याच गिऱ्हाइकाकडून बिस्किटांचे पैसे घ्यायला तिचा हात पुढे होत नाही. आमच्यातल्या एका वहिनींनी नवऱ्याची नोकरी गेल्यावर इथे डबे द्यायला सुरुवात केली होती. त्या म्हणाल्या, पहिल्या डब्याचे पैसे मलाही मागता आले नव्हते. संथपणाची तक्रार करणारी चिठ्ठी कुणाची होती ते मग कुणी विचारलं नाही.

‘घाबरायला झालं नाही’ या चिठ्ठ्या सर्वांत जास्त निघतील. त्यांच्याशी वाद घालू नका, अठरावं प्रकरण मोठ्याने वाचा. निदान त्याची शेवटची पानं तरी. कर्नलचा वंशज जज्ज जाफ्री पिंचन, हसतमुख, प्रतिष्ठित, चर्चला जाणारा, घरात एकटाच त्या जुन्या ओकच्या खुर्चीत बसलेला आहे. निवेदक त्याला त्या दिवसाच्या कामांची आठवण करून देतो: दलालाला भेटायचंय, घोडा विकत घ्यायचाय, बायकोच्या थडग्याचा दगड नवा करायचाय, डॉक्टरला दाखवायचंय, आणि संध्याकाळी त्या जेवणाला जायचंय जिथे गव्हर्नरपदाची उमेदवारी ठरणार. उठा ना, जज्जसाहेब! जज्ज उठत नाही. हातातलं घड्याळ टिकटिकतंय. अंधार होतो, चांदणं येतं, मध्यरात्री मेलेले सगळे पिंचन कर्नलच्या तसबिरीपाशी येऊन जातात, आणि निवेदक लगेच म्हणतो की हे काही खरं धरू नका. सकाळी एक माशी येते. साधी घरातली माशी. कपाळावर बसते, हनुवटीवर येते, नाकाच्या दांडीवरून सरकत उघड्या डोळ्यांकडे निघते. ‘माशी हाकलता येत नाही का तुला?’ असं निवेदक विचारतो. अख्ख्या प्रकरणात ‘हा मेलाय’ हे दोन शब्द तो शिताफीने टाळतो.

हे वाचायला आवाज न चढवणारा माणूस निवडा. नाट्यवाचन नको. आमच्याकडे एका आकाशवाणीवरच्या जुन्या निवेदिकेने बातम्या वाचाव्यात तसं वाचलं आणि माशी नाकावर आली तेव्हा सोफ्यावरच्या एकाने स्वतःचं नाक पुसलं. यानंतर भूत कुठं आहे हा प्रश्न परत विचारा. उत्तरं बदलतात.

खरी कसरत पुढे आहे. धर्मवेडाचा विषय निघाला की मराठी कट्ट्यावर दोन वाक्यं हमखास येतात. एक: ‘आपल्याकडे असं कधी नव्हतं.’ दुसरं: ‘सगळे धर्म मेले सारखेच.’ दोन्हींनी चर्चा मरते, कारण त्यांच्यापुढे पुस्तकाची गरजच उरत नाही. मग व्हॉट्सअॅपवर वाचलेलं बाहेर येतं आणि पुढच्या रविवारी दोन माणसं कमी. यावर माझा एकच उपाय आहे. कुणी असं वाक्य टाकलं की मी विचारते, ‘जमीन कुणाकडे गेली?’ आणि पहिलं प्रकरण काढायला लावते.

हा प्रश्न मला भूमिअभिलेख खात्यातून निवृत्त झालेल्या एका काकांनी दिला. लेकीकडे सहा महिन्यांसाठी आले होते, कादंबऱ्या वाचायची सवय नाही, पण पहिलं प्रकरण त्यांनी दस्त तपासावा तसं वाचलं होतं. म्हणाले, ‘अहो, हे सरळ आहे. मॉलची वहिवाट आहे पण कागद नाही. कर्नलकडे सरकारी सनद आहे पण ताबा नाही. असा तंटा आमच्याकडे चाळीस वर्षं चालतो. इथे वादीच फासावर गेल्यामुळे लवकर मिटला.’ त्यांचं वाचन अचूक होतं. हॉथॉर्नने नेमकं हेच मांडलंय: कर्नलचा हक्क सरकारी देणगीतून, मॉलचा हक्क स्वतः केलेल्या जमिनीतून. देवाधर्माच्या भाषेने त्या तंट्याचा निकाल लावला. इथे नंदुरबारकडच्या डाकिणीच्या आरोपांचा विषय आमच्यातल्या एकीने काढला. तिकडेही आरोपाच्या मुळाशी कधीकधी शेत असतं. शिवाय कुणावर करणी-चेटकाचा आळ घेणं हा २०१३च्या कायद्याने महाराष्ट्रात गुन्हा आहे, हे सांगून ती थांबली. एवढा दुवा पुरेसा आहे. त्यावर अर्धा तास घालवला तर पिंचन तसेच राहतात.

पण जमिनीच्या प्रश्नावर सगळे खूश होऊन बसले की त्यांना तसंच सोडू नका. आता सेलमच्या खटल्यांत फासावर गेलेल्या सारा गुडला आत आणा. माझ्या मते या पुस्तकावरच्या बैठकीचा गाभा इथे आहे.

मॅसॅच्युसेट्समधल्या सेलमचे हे चेटकिणींचे खटले खरेच झाले, १६९२मध्ये. एकोणीस जणांना फाशी दिली, आणि जाइल्स कोरी या म्हाताऱ्याने आरोपाला उत्तर द्यायला नकार दिला म्हणून अंगावर दगड रचून त्याला मारलं. काही जण तुरुंगातच मेले. मॉलचा शाप हॉथॉर्नने कल्पनेतून काढलेला नाही. १९ जुलै १६९२ रोजी सारा गुडला फाशी देताना निकोलस नॉइज या पाद्र्याने तिला कबुली द्यायला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली की मी चेटकीण नाही, आणि माझा जीव घेतलास तर देव तुला रक्त प्यायला लावील. हे शब्दही मुळात बायबलच्या शेवटच्या पुस्तकातले, प्रकटीकरणातले. संतांचं रक्त सांडणाऱ्यांना देव रक्तच प्यायला देतो, असं तिथे म्हटलंय. म्हणजे पाद्र्याच्याच ग्रंथातलं वाक्य तिने त्याच्यावर उलटवलं. नॉइज पुढे १७१७मध्ये वारला तेव्हा त्याच्या तोंडातून रक्त आलं, असं सेलमचे लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले.

आता गटाला विचारा: सारा गुडची जमीन कुणाकडे गेली? कुणाकडेच नाही. तिच्याकडे काही नव्हतंच. ती दारोदार मागून खाणारी बाई होती. तिची चारेक वर्षांची मुलगीही चेटकाच्या आरोपाखाली महिनोन्‌महिने तुरुंगात साखळीत होती. त्या पोरीकडून कुणाला काय मिळणार होतं? आमच्याकडे हा प्रश्न टाकल्यावर भूमिअभिलेखवाले काका बराच वेळ चष्मा पुसत बसले आणि मग म्हणाले, ‘म्हणजे लेखकाने सोपं केलं.’ हॉथॉर्नने भिकारणीचं वाक्य जमीनधारक पुरुषाच्या तोंडी घातलं आणि धर्मवेडाला हेतू दिला. हेतू असला की राग कुणावर धरायचा ते कळतं. सेलममध्ये तो सगळीकडे सापडत नाही. शेजाऱ्यांची भांडणं होती, मालमत्ता जप्त झाल्या हेही खरं. पण मनापासून विश्वास ठेवून साक्ष देणारी माणसंही होती. आरोपीची ‘आकृती’ रात्री माझ्या छातीवर बसली, असं कुणी सांगितलं तर न्यायालय तो पुरावा म्हणून धरत होतं. भुताची जागा विचारणाऱ्यांना मी हे सांगते: कादंबरीत ते संशयास्पद आहे, कोर्टाच्या कागदांत ते साक्षीला होतं. पुढे १६९३च्या सुरुवातीला नव्या न्यायालयाने असला पुरावा नाकारला आणि बहुतेक आरोपी सुटले.

यासाठी एक हमखास चालणारा प्रयोग आहे. १ मार्च १६९२ला सारा गुडची चौकशी झाली, त्याची नोंद उपलब्ध आहे. दोघांना समोरासमोर बसवून ती वाचायला द्या. मराठी करून ठेवा, दहा मिनिटांचं काम आहे.

‘सारा गुड, कोणत्या दुष्ट शक्तीशी तुझी ओळख आहे?’
‘कोणत्याच नाही.’
‘सैतानाशी करार केलेला नाहीस?’
‘नाही.’
‘मग या मुलींना का छळतेस?’
‘मी छळत नाही. मला त्याची किळस आहे.’

प्रश्नकर्त्याचं नाव वाचन संपेपर्यंत सांगू नका. ते आहे जॉन हॅथॉर्न, कादंबरीकाराचा खापरपणजोबा. कादंबरीकाराने पुढे आडनावात एक अक्षर वाढवलं आणि १८५०मध्ये, आधीच्या कादंबरीच्या प्रस्तावनेत, पूर्वजांच्या कृत्यांची लाज मी स्वतःवर घेतो असं लिहिलं. दुसरा एक न्यायाधीश, सॅम्युअल सिवॉल, याने १६९७मध्ये भर चर्चमध्ये उभं राहून आपला दोष कबूल केला होता. हॅथॉर्नने तसं काही केलं नाही. प्रश्न ‘छळतेस का’ असा नाही, ‘का छळतेस’ असा आहे, हे सहसा ऐकणाऱ्यांपैकी कुणीतरी आपणहून पकडतं. तोवर तुम्ही गप्प बसा.

लोक दमले की जुन्या वाचकांच्या प्रतिक्रिया बाहेर काढा. गंमत म्हणून नव्हे, आपल्या चिठ्ठ्यांशेजारी ठेवायला. कादंबरीकार हर्मन मेलव्हिल तेव्हा हॉथॉर्नच्या जवळच पिट्सफील्डला राहून व्हेलची आपली कादंबरी, ‘मोबी डिक’, लिहीत होता. एप्रिल १८५१च्या पत्रात त्याने हॉथॉर्नला लिहिलं की हॉथॉर्न नावाचा हा माणूस गडगडाटात ‘नाही!’ म्हणतो. कादंबरीकार हेन्री जेम्सने १८७९मध्ये म्हटलं की ही थोर कादंबरीपेक्षा थोर कादंबरीची प्रस्तावना वाटते. आमच्या डब्यातली ‘सुरुवात जबरदस्त, मग काय झालं?’ ही चिठ्ठी आणि जेम्स यांच्यात मला तरी फार अंतर दिसत नाही. पण सर्वांत बहारदार प्रतिक्रिया खऱ्या पिंचनांची. त्या आडनावाची घराणी मॅसॅच्युसेट्समध्ये खरोखर होती आणि आपल्या पूर्वजांची बदनामी केली म्हणून त्यांची चिडलेली पत्रं आली. हॉथॉर्नने प्रकाशकाला वैतागून लिहिलं की या जगात गाढवं किती आहेत याचा मला कधी अंदाज येणार कोण जाणे. पूर्वजांबद्दल कुणी लिहिलं की काय होतं, हे मराठी वाचकाला समजावून सांगावं लागत नाही. सगळे आपापली उदाहरणं घेऊन तयार असतात.

यात एक विलक्षण योगायोग आहे, तो जरूर सांगा. स्प्रिंगफील्ड वसवणाऱ्या खऱ्या विल्यम पिंचनने धर्मशास्त्रावर लिहिलेलं पुस्तक प्युरिटन, म्हणजे कडव्या ख्रिस्ती पंथाच्या, सत्तेने १६५०मध्ये बॉस्टनला जाळलं. आणि सेलममध्ये टॉमस मॉल नावाचा क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा खरा माणूस होता, त्याचंही पुस्तक १६९५मध्ये जाळण्याचा हुकूम निघाला, त्याला तुरुंगात टाकलं, आणि पुढच्या वर्षी ज्यूरीने सोडून दिलं. कादंबरीत एक छळणारा आणि एक छळलेला, पण ती दोन्ही आडनावं धारण करणाऱ्या खऱ्या माणसांची पुस्तकं एकाच सत्तेने जाळली होती.

शेवटावर तक्रार येईल: जज्ज मेला, तसबीर पडली, मागे लपवलेला दस्त सापडला आणि तो रद्दी निघाला, मॉलचा वंशज आणि पिंचनची मुलगी लग्न करणार, सगळे गाडीत बसून जज्जच्या गावाबाहेरच्या घरी राहायला निघाले. दिडेकशे वर्षांचा शाप आणि वर असा शेवट! माझी बाजू तक्रारीची आहे. खुद्द हॉथॉर्नने लिहिताना प्रकाशकाला कळवलं होतं की शेवटाकडे फार काळोख होतोय, मी थोडं मावळतीचं ऊन ओतायचा प्रयत्न करीन. ओतलेलं दिसतं. पण गटात कुणीतरी शेवटाच्या बाजूने बोलणारा हवा, नसेल तर एकाला नेमा. पुण्यातल्या मैत्रिणींपैकी एकीने, वकील आहे ती, मांडलं की घर न भांडता सोडून जाणं हाच या पुस्तकातला एकमेव नवा निर्णय आहे, त्याआधी प्रत्येक पिढी ते धरून बसली होती. मी तिला विचारलं, मग जज्जचं घर कसं चाललं? त्यावर अजून आमचं मिटलेलं नाही.

मॅसॅच्युसेट्सात असाल तर सेलमला जा, पण ऑक्टोबरमध्ये नको. त्या महिन्यात गावभर टोकदार टोप्या आणि पार्किंग नाही. नॉर्थ स्टेशनवरून लोकल अर्ध्या तासात पोचते. ज्या घरावरून गोष्ट सुचली ते १६६८मध्ये कॅप्टन जॉन टर्नरने बांधलं. पुढे तिथे हॉथॉर्नची नात्यातली सुझॅना इंगरसोल राहायची. १९०८मध्ये कॅरोलाइन एमर्टनने ते विकत घेतलं, १९१०मध्ये लोकांना खुलं केलं आणि तिकिटांच्या पैशातून स्थलांतरितांसाठी काम चालवलं. आज तिथे दिसणारं हेपझिबाचं दुकान आणि गुप्त जिना या तिच्या काळातल्या भरी आहेत, कादंबरी वाचून येणाऱ्यांसाठी घातलेल्या. वाचकांच्या प्रतिक्रियेने घरच बदलल्याचं याहून ठोस उदाहरण मला माहीत नाही. जिना अरुंद आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी खालीच थांबावं.

तिथून चार्टर स्ट्रीटच्या दफनभूमीकडे चालत या. शेजारी १९९२मध्ये उभारलेलं स्मारक आहे: दगडी भिंतीतून पुढे आलेल्या ग्रॅनाइटच्या बाकांसारख्या पट्ट्या, प्रत्येकीवर एक नाव, मृत्यूची पद्धत आणि तारीख. सारा गुडची शोधा. जॉन हॅथॉर्नची कबर त्याच दफनभूमीत आहे. आधी दोन्ही पाहून घ्या आणि मग डब्यातल्या चिठ्ठ्या परत बाहेर काढा, ज्याने त्याने आपली ओळखून घ्यावी. मत बदललं असेल तर मागच्या बाजूला लिहायचं, नसेल तर तसंच ठेवायचं. डबे घेऊन जात असाल तर बसून खाण्यासाठी सेलम कॉमनवरची हिरवळ बरी, त्या पट्ट्यांवर नको.